वॉल्डेमार हाफकिन

१८९७ सालाच्या आरंभी पुणे शहरावर प्लेगचे संकट कोसळले. काखेत किंवा जांघेत गाठ उठावी, अंगात कडक ज्वर भरावा आणि तीनचार दिवसांत सारे संपावे, असा हा रोग होता. घरात उंदीर मरून पडले, की शहाणी माणसे घर सोडून शहराबाहेर माळावर झोपड्या बांधून राहात. ज्यांना ते साधत नसे, ती पेठांतील अंधाऱ्या खोल्यांतच जीव मुठीत धरून दिवस काढीत. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉक्टर यशवंत यांच्या साहाय्याने अशा रोग्यांची शुश्रूषा आरंभिली. ते करता करता त्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या मृत्यू पावल्या.

सरकारनेही उपाय योजले. पण ते उपाय रोगाइतकेच भयंकर वाटावेत, असे होते. रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती पुण्याची व्यवस्था आली. गोरे शिपाई घराघरांत शिरत. माजघर म्हणू नये, देवघर म्हणू नये, सर्वत्र त्यांचे बूट वाजत. रोगी सापडला, की त्याला इस्पितळात आणि घरच्या माणसांना छावणीत धाडीत. सामानसुमान रस्त्यावर टाकून जाळीत. तेव्हा लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे.

त्याच वर्षी मुंबईत एक परदेशी शास्त्रज्ञ प्लेगशी निराळ्याच रीतीने झगडत होता. त्याच्यापाशी शिपाई नव्हते की हुकूम नव्हता. एक पिचकारी आणि लशीच्या काही बाटल्या, एवढेच त्याचे साधन. लोकांनी आपण होऊन दंड पुढे केला, तरच त्याचे काम चालणार होते. त्याचे नाव वॉल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या शहरी एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी झाला. ओडेसा आज युक्रेन देशात आहे. त्या वेळी तेथे रशियाच्या झारचे राज्य होते. त्या राज्यात ज्यू लोकांचे फार हाल होत. त्यांच्या वस्त्यांवर जमाव चालून येत, घरे लुटीत, माणसे मारीत. विद्यार्थिदशेत असताना हाफकिन अशा एका दंगलीत आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यांना तुरुंगाची हवा खावी लागली. मेच्निकॉफ या थोर प्राणिशास्त्रज्ञाचे ते आवडते शिष्य. गुरूंच्या खटपटीमुळे त्यांची सुटका झाली. पुढे ज्ञान मिळाले, पदवी मिळाली, परंतु धर्म बदलल्यावाचून प्राध्यापकाची जागा मिळेना. हाफकिन यांनी धर्म न बदलता देश सोडला.

१८८९ साली ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. तेथे त्यांना मिळालेले काम होते ग्रंथपालाचे! दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरल्या वेळात रोगजंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. त्या काळी पटकीची साथ आशियातून युरोपात पसरत होती. पटकीचे जंतू वाढवून, त्यांची शक्ती हवी तशी कमीजास्त करून हाफकिन यांनी एक लस सिद्ध केली. प्राण्यांवर तिचा गुण आला. माणसावर येईल का? आणि पहिला माणूस कोणता घ्यावा? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ज्वर आला, अंग दुखले आणि दोनचार दिवसांत ते बरे झाले. मग त्यांचे काही मित्र पुढे झाले.

पटकीचे माहेर म्हणजे बंगाल. हाफकिन १८९३ च्या मार्च महिन्यात आगबोटीने कलकत्त्यास आले. ते वैद्यकीचे पदवीधर नव्हते. त्यामुळे सरकारी डॉक्टरांपैकी कित्येकांना हा मनुष्य आगंतुक वाटे. वस्त्यांतील गरिबांना तर एखादा गोरा माणूस सुई घेऊन दारी आला, की त्याच्या हेतूविषयी शंकाच येई. एका वस्तीत त्यांच्यावर दगड पडले. हाफकिन निघून गेले नाहीत. लोकांच्या डोळ्यांदेखत त्यांनी लस स्वतःला टोचवून घेतली आणि मग जो येईल त्याला टोचली. चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे बंगाली डॉक्टर त्यांच्याबरोबर वस्तीवस्तीतून हिंडत. या डॉक्टरांवाचून कलकत्त्यात त्यांचे पाऊल पुढे पडले असते, असे वाटत नाही. गावे, तुरुंग, पलटणी, आसामातील चहाचे मळे असे हिंडून दोनअडीच वर्षांत त्यांनी सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली. शेवटी हिवतापाने त्यांना जर्जर केले आणि विश्रांतीसाठी इंग्लंडला जावे लागले. थोडे बरे वाटताच १८९६ साली ते पुन्हा हिंदुस्थानात परतले.

त्याच साली प्लेग मुंबईत शिरला. १८९४ साली हाँगकाँगमध्ये त्याची मोठी साथ होती. तेथून तो जहाजांवरील उंदरांबरोबर आला असावा. मांडवी भागातील रोगी पाहून, हा प्लेगच आहे, असे १८९६ च्या सप्टेंबरात प्रथम सांगितले, ते गोव्याच्या डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. ही वार्ता तारेने जगभर गेली आणि मुंबईची जहाजे म्हणजे साक्षात काळ, असे परदेशच्या बंदरांना वाटू लागले. १८९७ साली व्हेनिस येथे अनेक राष्ट्रांची परिषद भरली आणि रोगग्रस्त बंदरांतून येणाऱ्या जहाजांवर कडक नियम लादले गेले. त्या वर्षी मुंबईहून हजच्या यात्रेकरूंना निघू देण्यातच आले नाही. रोगाला अडविण्याचा उपाय एकच ठाऊक होता: जहाज अडवा, माणूस अडवा, दिवस मोजा. आज आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील काही देशांत जाणारा प्रवासी निघण्यापूर्वी निदान दहा दिवस पीतज्वराची लस टोचून घेतो आणि तिचा दाखला पारपत्राबरोबर नेतो. हजला जाणारा यात्रेकरू मेंदूज्वराची लस घेतो. ही सोय तेव्हा कोठून असणार? प्लेगवर लसच नव्हती.

ती तयार करण्यासाठी सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाठविले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते तेथे पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि तिच्यापुढची पडवी, ही त्यांची प्रयोगशाळा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तेथे हाफकिन यांनी जी युक्ती काढली, ती आपल्या स्वयंपाकघरातील एका पदार्थावर आधारलेली होती. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागतो. तो त्यांनी शेळीच्या मांसापासून केला, म्हणजे हिंदू किंवा मुसलमान कोणाचीही भावना दुखावू नये. हा रस काचेच्या चंबूत भरून त्यावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले! तुपाचे थेंब वर तरंगत आणि त्यांच्या खालच्या अंगाला प्लेगचे जंतू वाढून छताला लोंबणाऱ्या तंतूंसारखे खाली लोंबू लागत. चंबू हालविला, की ते तंतू तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवे वाढीस लागत. अशा रीतीने काही आठवड्यांत भरपूर जंतू जमले, म्हणजे ते उष्णता देऊन मारावयाचे. मेलेले जंतू रोग देऊ शकत नाहीत; पण शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखते आणि त्यांच्याशी लढण्याची तयारी करून ठेवते. पुढे खरा शत्रू आला, तर ती तयारी उपयोगी पडते.

काम जोखमीचे होते. प्लेगचे जिवंत जंतू रोज हाताळावयाचे. चंबू फुटला तर प्राणाशी गाठ. तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती पहिल्याने टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांना देत त्याच्या तिपटीहून अधिक! अंगात ज्वर असतानाही ते काम करीत राहिले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे राजी झाले, अशा सुमारे निम्म्या लोकांना लस देण्यात आली. त्यानंतर लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघांनाच तो झाला आणि दोघेही वाचले.

तरी शहर चटकन विश्वास ठेवीना. लशीने माणूस मरतो, धर्म बुडतो, अशा नाना वावड्या उठत होत्या. तेव्हा खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. आपला खुश्रू लॉज हा बंगलाही त्यांनी हाफकिन यांच्या कामासाठी दिला. खोजा लोक हजारोंनी लस घ्यावयास येऊ लागले.

पुण्याच्या बाजूस या लशीची पारख झाली ती खडकीच्या छावणीत. पलटणीच्या आश्रयाने राहणाऱ्या १,५३० लोकांच्या एका वस्तीत प्लेग आला. त्यांपैकी ६७१ जणांनी लस घेतली, ८५९ जणांनी घेतली नाही. वस्ती एक, पाणी एक, हवा एक. साथ ओसरल्यावर मोजदाद झाली. लस न घेतलेल्यांपैकी १४३ जणांना प्लेग होऊन ९८ मरण पावले, म्हणजे सुमारे दर नऊ माणसांमागे एक. लस घेतलेल्यांपैकी ३२ जणांना तो झाला आणि १७ दगावले, म्हणजे सुमारे चाळिसांत एक. लस घेतली की मृत्यू टळलाच, असे हाफकिन यांनी कधी भासविले नाही. तिचा गुण काही महिनेच टिके आणि ज्वर व दंडाची सूज सोसावी लागे. पण ज्या घरांतून तीनतीन तिरड्या उठत, तेथे एवढा फरक फार मोठा होता. खुद्द शहरात मात्र घरझडत्यांनी लोकांची मने इतकी विटली होती, की सरकारकडून आलेली कोणतीही वस्तू, मग ती औषधाची का असेना, घेण्यास हात पुढे होत नसे.

लशीची मागणी वाढत गेली. १८९९ साली परळ येथील गव्हर्नरांचा जुना वाडा हाफकिन यांच्या प्रयोगशाळेस मिळाला. तेथून बाटल्या देशभर जाऊ लागल्या. आणि अशा वेळी तो घाव बसला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण काही दिवसांनी धनुर्वाताने मरण पावले. सारा ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्यांनी स्वतःच्या अंगावर आधी प्रयोग केले, त्यांच्यावरच निष्काळजीपणाचा आरोप आला! चौकशीत एक गोष्ट पुढे आली होती. बाटली उघडताना तेथील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली उघडल्यावर लशीला धनुर्वाताची घाण येत नव्हती. प्रयोगशाळेतच जंतू शिरले असते, तर इतक्या दिवसांत ती आल्यावाचून राहिली नसती. इतके असूनही हाफकिन यांच्या माथ्यावरचा कलंक पुसण्यास जवळजवळ पाच वर्षे लागली. हिवतापाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ साली नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रात पत्र प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे सरकारने त्यांना पुन्हा नोकरीवर घेतले.

हाफकिन परत आले, पण कलकत्त्यास. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९१४ साली ते निवृत्त होऊन युरोपात गेले. त्यांनी विवाह केला नव्हता. उत्तर आयुष्यात धर्मग्रंथांचे वाचन आणि आपल्या ज्ञातिबांधवांचे शिक्षण यांत त्यांचे मन रमले होते.

१९२५ साली परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ही बातमी कळल्यावर त्यांनी आभाराचे पत्र पाठविले आणि आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेली, असे त्यात कळविले. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.