पिन कोडचे जनक श्रीराम वेलणकर

एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, अशा चिंचोळ्या भूमीवर मालवण तालुक्यातील देवबाग वसले आहे. याच किनाऱ्यावर दक्षिणेस, कारवारजवळही एक देवबाग आहे. सरकारी कार्यालयाचा लिफाफा असो वा मुलाने मुंबईहून धाडलेले लहानसे पुडके, त्यावर नुसते देवबाग लिहिले तर ते कोणत्या गावी न्यावे? देशभरातील अशा असंख्य समान नावांचा गुंता सोडविणारे अधिकारी कोकणचेच सुपुत्र होते. त्यांचे नाव श्रीराम भिकाजी वेलणकर.

१९१५ साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले वेलणकर पुढे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि टपाल व तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य झाले. त्या काळी टपालाची छाननी हातानेच होत असे. पत्ते निरनिराळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले असत. अपरिचित लिपीतील पत्ता वाचताना कर्मचाऱ्याची चूक झाली, तर महत्त्वाचा कागद भलत्याच गावी जाण्याची भीती होती.

या अडचणीवर वेलणकरांनी अंकांचा उपाय योजला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा अंकी पिन कोड लागू झाला. त्यातील पहिला अंक विभाग दाखवितो. १ ते ८ हे अंक भौगोलिक विभागांसाठी, तर ९ हा सैनिकी टपालासाठी आहे. पहिल्या तीन अंकांवरून छाननीचा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तीन अंकांवरून वितरण करणारे टपाल कार्यालय.

मालवणचे देवबाग ४१६६०६ या क्रमांकाखाली येते. यातील ४१६ हे अंक कोल्हापूरच्या छाननी जिल्ह्याचे आहेत. कारण पिन कोड महसुली सीमा पाहत नाही, टपालाची वाट पाहतो. कारवारकडील क्रमांक ५८१ ने सुरू होतात. त्यामुळे गावाचे नाव वाचता आले नाही, तरी दोन्ही देवबागांची टपाले पहिल्याच छाननीत वेगळी होतात.

१९७३ साली दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय तिकीट प्रदर्शनाच्या आयोजनातही वेलणकरांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ते सेवानिवृत्त झाले.

अंकांची ही शिस्त घालून देणारा अधिकारी मनाने कवी होता. संस्कृतमध्ये त्यांनी विपुल काव्य व नाट्यलेखन केले. सरळ वाचल्यास रामाची आणि उलट वाचल्यास कृष्णाची स्तुती करणारे विलोमकाव्यही त्यांनी रचले. संस्कृतसेवेबद्दल १९९६ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ४ एप्रिल १९९९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

२०२५ साली टपाल खात्याने दहा अक्षरी डिजिपिन आणला. तरीही बँकेच्या अर्जापासून घरपोच खरेदीपर्यंत सहा अंकांची चौकट आजही भरावी लागते. ती भरणाऱ्या कोट्यवधी हातांपैकी फारच थोड्यांना वेलणकरांचे नाव ठाऊक आहे.