कै. दादासाहेब खापर्डे आणि वऱ्हाडची साहित्यसेवा

अमरावतीचे कै. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचे नाव निघाले की लोकमान्य टिळकांचे जिवलग स्नेही एवढीच ओळख बहुतेकांना आठवते. आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना त्यांच्याविषयी विचारीत असू, तेव्हाही उत्तर तेवढेच येई. त्यांच्या कार्याची दुसरी बाजू आमच्या ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः तरुण पिढीपुढे, यावी म्हणून हा अल्प प्रयत्न.

दादासाहेबांचा जन्म १८५४ सालचा. १८८४ साली ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. काही वर्षे सरकारी नोकरी केल्यावर १८९० पासून त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली व त्यात विपुल धन आणि कीर्ती मिळविली. त्यांचे औदार्य व थाट पाहून लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणू लागले. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभा भरली, तेव्हा स्वागताध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. १९०८ साली लोकमान्यांना शिक्षा झाली, तेव्हा चालता व्यवसाय बाजूला ठेवून ते अपिलासाठी विलायतेस गेले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. त्यात स्वतःच्या मिळकतीचे काय होईल याची त्यांनी पर्वा केली नाही.

नाटकाचा धंदा त्या काळी प्रतिष्ठित घरांत हलका मानला जाई. अशा वेळी, १९०५ साली, मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद दादासाहेबांनी स्वीकारले. एका मान्यवर वकिलाने ते आसन भूषविल्याने नटवर्गाचा मान वाढला, हे उघड आहे. पुढे १९१२ साली अकोल्यास हरिभाऊ आपटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. वऱ्हाडात वाङ्मयाची आवड होतीच. उणीव होती ती कायम स्वरूपाच्या संस्थेची. १४ जानेवारी १९२३ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, अमरावतीस विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला व दादासाहेब त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

आमच्या मते येथेच खरा बोध आहे. धनिकाचा आश्रय कितीही उदार असला तरी तो त्याच्या आयुष्यापुरताच टिकतो. थैली रिकामी झाली की कलावंत उघडा पडतो. संस्था मात्र चार लोकांच्या वर्गणीवर व श्रमावर उभी राहते आणि माणसे गेली तरी चालते. दादासाहेब १९३८ साली निवर्तले. संघाचे मुख्य ठाणे पुढे नागपुरास गेले. 'युगवाणी' हे मुखपत्र निघाले. गावोगावी शाखा झाल्या, आणि २०२३ साली संघाने शंभर वर्षे पूर्ण केली. ज्यांनी हे रोप लावले त्यांच्यापैकी कोणीही तो सोहळा पाहावयास उरले नव्हते.

आपल्या घरी लग्नकार्यात खर्च होतो, त्यातील अल्पसा भाग गावच्या वाचनालयास वा साहित्य शाखेस मिळाला, तर दादासाहेबांचे स्मरण सार्थकी लागेल, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती.