बायको गेल्याचं उशिरा कळलं, म्हणून मोर्सने तारयंत्र शोधलं?

सॅम्युअल मोर्सची एक गोष्ट सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असते. बायको गेल्याची बातमी उशिरा पोहोचली आणि त्या दुःखातून त्याने तारयंत्र बनवलं, अशी. यातला पहिला भाग खरा आहे.

मोर्स मुळात चित्रकार. जन्म १७९१ चा, अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सचा. फेब्रुवारी १८२५ मध्ये तो वॉशिंग्टनला लाफायेत या फ्रेंच सेनानीचं चित्र काढत होता. ७ तारखेला तिकडे न्यू हेवनला त्याची पत्नी लुक्रेशिया वारली. तिसऱ्या बाळंतपणाला जेमतेम महिना झाला होता. वडिलांचं पत्र मिळून मोर्स घरी पोहोचेपर्यंत तिचं दफनही उरकलं होतं.

पण तारेची कल्पना त्याला सुचली ती तब्बल सात वर्षांनी. १८३२ मध्ये युरोपातून परतताना जहाजावर चार्ल्स जॅक्सन या सहप्रवाशाशी विद्युतचुंबकावर गप्पा रंगल्या, तेव्हा. (पुढे हाच जॅक्सन शोधाचं श्रेय मागायला उभा राहिला!)

खरी अडचण वेगळीच होती. तारेतून अक्षर जात नाही. वीज एक तर चालू असते, नाहीतर बंद. मग शब्द पाठवायचा कसा? तुमच्या फोनमधल्या प्रत्येक मेसेजच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

मोर्सने आधी प्रत्येक शब्दाला एक आकडा दिला. म्हणजे आकडा आला की कोश उघडून शब्द शोधायचा. कोण करणार एवढा खटाटोप? मग प्रत्येक अक्षरासाठीच टिंब आणि रेघांची खूण ठरली. यात त्याचा साथीदार आल्फ्रेड वेल याचा वाटा किती, यावर आजही वाद आहे.

या खुणा ठरवण्याची युक्ती मात्र झकास होती. इंग्रजी छापखान्यात कोणत्या अक्षराचे किती खिळे ठेवतात ते मोजलं. ‘ई’चे १२,०००, ‘टी’चे ९,०००, ‘झेड’चे फक्त २००. मग सतत लागणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब, ‘टी’ला एकच रेघ आणि क्वचित लागणाऱ्या अक्षरांना लांबलचक खुणा. आज झिप फाइल लहान होते त्यामागेही हेच तत्त्व वापरलेलं असतं. मात्र मोर्स कोड म्हणजे शून्य आणि एकची भाषा, असं म्हणणं पूर्ण बरोबर नाही. त्यात टिंब-रेघेइतकंच महत्त्व मधल्या थांब्यांना आहे. थांबा चुकला की अक्षर बदललं.

दुसरी अडचण अंतराची होती. तार लांबली की संकेत क्षीण व्हायचा. त्यावर उपाय निघाला रिलेचा. आलेल्या क्षीण संकेताने पुढच्या तारेचा ताज्या बॅटरीवरचा प्रवाह चालू-बंद करायचा. जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाचं काम इथे कामी आलं. नेटवर्कमधला रिपीटर तत्त्वतः हेच करतो.

१८४३ मध्ये अमेरिकी संसदेने ३०,००० डॉलर मंजूर केले. तार आधी जमिनीखालून टाकली, ती फसली. मग खांब उभारले आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला अधिकृत संदेश गेला.

माणूस म्हणून मोर्स काही आदर्श नव्हता. गुलामगिरीचं त्याने उघड समर्थन केलं. हाव तर इतकी, की विजेने दूरवर अक्षरं उमटवण्याच्या सगळ्याच पद्धतींवर त्याने हक्क सांगितला. १८५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं पेटंट मान्य केलं, पण हा दावा फेटाळला. १८७२ मध्ये न्यूयॉर्कला तो वारला. तोवर अटलांटिकच्या तळाशीही तार पोहोचली होती.