पाण्यासाठी राबलेला भिक्खू : झेंत्सुजीचे कूकाई



जपानच्या शिकोकु बेटावर झेंत्सुजी नावाचे एक छोटे शहर आहे. वस्ती जेमतेम तीस हजारांच्या आसपास. एका अंगाला पाच डोंगरांची रांग, पुढे भातशेतीचे मैदान आणि जवळच समुद्र. या मुलखाचे जुने नाव सानुकी. दोन्हीकडचे डोंगर पावसाचे वारे अडवतात. नद्याही आखूड, आलेले पाणी लगेच समुद्राला मिळते. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी गावोगाव तळी बांधली. पाण्याची किंमत काय असते, हे आपल्या समाजाला कोणी वेगळे सांगायला नको.

याच मातीत इ. स. ७७४ मध्ये कूकाई यांचा जन्म झाला. अधिकारी होण्याचे शिक्षण अर्ध्यावर सोडून ते भिक्खू झाले. ८०४ साली ते चीनला गेले. तिथे चांगआन नगरात आचार्य हुईगुओ यांच्याकडे धम्म शिकले आणि भारतातून आलेल्या भिक्खू प्रज्ञ यांच्याकडे संस्कृत. ८०६ साली परतल्यावर त्यांनी जन्मगावी विहार उभारला, असे परंपरा सांगते. त्यांच्या वडिलांचे धम्मनाम झेंत्सु. त्यावरून विहाराला झेंत्सुजी म्हणू लागले आणि पुढे शहरालाही तेच नाव पडले.

शहराच्या दक्षिणेला मान्नो नावाचे मोठे तळे आहे. ८१८ साली त्याचा बांध फुटला. सरकारी अधिकारी आला, पण मजूर काही जमेनात. मग कूकाईंनाच पाठवा, अशी मागणी झाली. ८२१ साली ते आले, तशी माणसे आपणहून गोळा झाली. सुमारे तीन महिन्यांत बांध उभा राहिला. पुढे ११८४ साली तो पुन्हा फुटला आणि १६३१ मध्ये परत बांधला गेला. आजही त्या तळ्यावर शेती भिजते.

८२८ साली कूकाईंनी क्योटोमध्ये शाळा काढली. गरिबांच्या मुलांनाही तिथे प्रवेश होता आणि जेवणाची सोयदेखील. ८३५ साली कोया पर्वतावर त्यांचे निधन झाले आणि दहाएक वर्षांत ती शाळा बंद पडली.

कूकाईंचा मंत्रयान पंथ आपल्याला पटेलच असे नाही. त्यांच्या नावावरच्या चमत्कारांच्या गोष्टी आम्ही तर बाजूलाच ठेवतो. पण बांध खरा आहे, पाणी खरे आहे. शाळा मात्र चालवायला माणसे उरली नाहीत म्हणून गेली. विहार बांधून आपले काम संपत नाही. त्यातला अभ्यासवर्ग आपल्यामागेही चालू राहिला पाहिजे, एवढेच या वर्धापनदिनी आम्हाला सांगावेसे वाटते.

सर्वांचे मंगल होवो.