वाळूतले शिंपले

आमुदर्या ही मध्य आशियातील मोठी नदी. पूर्वी तिला जैहून म्हणत. हे नाव तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचले असेल. तिच्या काठी ख्वारिज्म नावाचे राज्य होते. काथ ही त्याची राजधानी. इ. स. ९७३ मध्ये तेथे अबू रैहान अल्-बिरूनी यांचा जन्म झाला. नदीकाठी हिरवी शेते आणि त्यांच्यापलीकडे दूरवर वाळू, असा तो मुलूख होता.

काथला नदीच्या काठी एक जुना किल्ला होता. नदी दरवर्षी त्याचा थोडा थोडा भाग गिळत असे. इ. स. ९९४ च्या सुमारास त्याचा उरलासुरला भागही वाहून गेला. तेव्हा बिरूनी २१ वर्षांचे होते. नदी आपला काठ बदलते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

पुढे राज्यात लढाई झाली आणि त्यांना घर सोडावे लागले. काही वर्षे ते कास्पियन समुद्राजवळच्या जुर्जान शहरात राहिले. ख्वारिज्म आणि जुर्जान यांच्यामध्ये काराकुमचे वाळवंट आहे. काराकुम म्हणजे काळी वाळू. या वाळवंटातील काही दगडांच्या आत माशाच्या कानासारखे आकार दिसतात, अशी नोंद त्यांनी केली. जेथे प्यायला पाणी नाही, तेथे मासे कोठून आले? वारा वाळू उडवून आणील, पण दगडाच्या पोटात काही ठेवणार नाही. बिरूनींनी अनुमान काढले, की येथे एके काळी पाणी होते. जैहून या बाजूने पश्चिमेकडे वाहत होती आणि नंतर तिने मार्ग बदलला. अरबस्तानात विहिरी खणताना शिंपले निघतात, त्यावरून तेथेही पूर्वी समुद्र असावा, असे त्यांनी लिहिले. पुढे काराकुममध्ये उझबोय नावाचे कोरडे पात्र अभ्यासकांनी तपासले. त्यातून आमुदर्याचे पाणी कास्पियनकडे जात असे. काराकुमची बरीचशी वाळूही या नदीनेच आणलेली आहे.

१०१७ मध्ये गझनीच्या सुलतान महमूदाने ख्वारिज्म जिंकले आणि बिरूनींना गझनीला नेले. ते आपल्या मर्जीने गेले नव्हते. पण तेथूनच त्यांना हिंदुस्थान पाहायला मिळाला. ते संस्कृत शिकले. येथील जमीन पाहताना त्यांच्या लक्षात आले, की डोंगराजवळ गोटे मोठे असतात, पुढे ते लहान होतात आणि नदीच्या मुखाशी नुसती वाळू उरते. म्हणून हे मैदान म्हणजे गाळाने भरलेला जुना समुद्र आहे, असे त्यांनी ठरवले. तो मुख्यतः हिमालयापुढचा खोलगट भाग होता, असे आता मानतात; गाळाची गोष्ट मात्र खरी ठरली.

म्हातारपणी त्यांनी रत्ने आणि धातू यांवर ग्रंथ लिहिला. १०४८ च्या सुमारास गझनीत त्यांचे निधन झाले.

काथच्या जागी आज उझबेकिस्तानातील बेरूनी नावाचे गाव आहे. त्याच्या उत्तरेला अरल समुद्र होता. १९६० नंतर कापसाच्या शेतीसाठी नद्यांचे पाणी वळवले गेले आणि तो आटत गेला. त्याच्या कोरड्या तळावर आता वाळू उडते. त्या वाळूत शिंपले सापडतात.