पांढरी चादर

पावसाळ्यात खारघरच्या डोंगरावर ढग उतरले की मी मोबाइल घेऊन गच्चीवर पळते. आमचे हे म्हणतात, ऊन पडू दे, मग काढ फोटो. मला मात्र अशा वेळी दादासाहेब फाळके आठवतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्त सरस्वतीबाई.

दादासाहेब १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी. गोध्र्याला स्टुडिओ काढला, तर प्लेगने पहिली बायको आणि मूल नेलं. पुढे बडोद्यात फोटो काढला की अंगातली शक्ती जाते अशी अफवा उठली, धंदा बसला. १९०२ मध्ये सरस्वतीबाई घरात आल्या. छापखाना झाला, तोही सुटला. मग सिनेमाचं वेड लागलं. पैसेवाल्यांना पटावं म्हणून कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं! दागिने गहाण पडले ते अर्थात बाईंचे.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लागला. चित्रण चालायचं सूर्याच्या उजेडावर. कडक उन्हात डोळ्यांखाली, नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. म्हणून सरस्वतीबाई तासन्‌तास पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, उजेड परतून चेहऱ्यावर पडावा म्हणून. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायची. हात किती भरून येत असतील बघा!

मैत्रिणींनो, ढगाळ दिवशी चादर धरायचं काम आभाळच करतं. उजेड गाळून चहूबाजूंनी येतो, सावल्या पुसट होतात, हिरव्याच्या दहा छटा दिसतात. आभाळ नुसतंच पांढरंफटक असेल तर फोटोत जरासंच घ्यावं, डोंगर नि झाडं जास्त. काळ्या ढगांचे थर असतील तर खुशाल अर्धा फोटो त्यांना द्यावा. स्क्रीनवर ढगावर बोट टेकवून उजेड थोडा कमी केला की ढग उठून दिसतात.

दादासाहेब १९४४ मध्ये नाशिकला गेले, हाती फारसं काही न उरता.

परवा पांडवकड्याच्या बाजूला ढग फुटायची मी अर्धा तास वाट पाहिली. सतरा फोटो काढले, एक बरा आला. कुकरच्या शिट्ट्या मात्र यांनी मोजल्या.