लेकींसाठी तुरुंगात गेलेला संपादक

भगिनींनो, विल्यम टॉमस स्टेड ह्यांचा जन्म ५ जुलै १८४९ रोजी इंग्लंडातील एंबलटन गावी झाला. वडील धर्मोपदेशक. बाविसाव्या वर्षीच स्टेड डार्लिंग्टनच्या 'नॉर्दर्न एको' पत्राचे संपादक झाले. पुढे ते लंडनला आले आणि १८८३ साली 'पॉल मॉल गॅझेट'ची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्या काळी तेथे तेरा वर्षांची पोर कायद्याने जाणती धरीत. गरिबांच्या मुली फसवून श्रीमंतांच्या चैनीसाठी विकल्या जात. १८८५ साली बड्यांची ये-जा असलेल्या एका कुंटणखान्याच्या मालकिणीवर खटला झाला. तिने गुन्हा कबूल केला व दंड भरून ती सुटली. साक्षी झाल्याच नाहीत, बड्यांची नावे झाकलेलीच राहिली. जोसेफिन बटलर ह्यांच्यासारख्या बायका वर्षानुवर्षे झगडत होत्या, पण वय वाढवण्याचा कायदा पार्लमेंटात अडून बसला होता.

पैसे टाकले की मुलगी मिळते हे दाखवण्यासाठी स्टेडनी एका मध्यस्थ बाईकडून एलायझा नावाची तेरा वर्षांची मुलगी पाच पौंडांना घेतली व मग फ्रान्सला सुरक्षित ठेवली. जुलै १८८५ मध्ये त्यांची लेखमाला निघाली आणि लंडन हादरले. बड्या विक्रेत्यांनी अंक नाकारले, तेव्हा मुक्तिफौजेची माणसे ते विकू लागली. ऑगस्टमध्येच कायदा झाला. तेराचे वय सोळा झाले.

पण एलायझाची आई म्हणाली की, मी पोर चाकरीला पाठवली होती, विकली नव्हती. बापाची तर संमतीच घेतलेली नव्हती. स्टेडवर मुलगी पळवल्याचा खटला होऊन त्यांना तीन महिने तुरुंगवास झाला. दाईकडून तपासणी, गुंगीचे औषध, अनोळखी घर, हे सारे त्या पोरीने सोसले. तिला कोणी विचारले नव्हते. हेतू चांगला होता, तरी तिच्या भीतीचा हिशेब त्यात धरला गेला नाही.

शिक्षेचा त्यांना अभिमान वाटे. दर १० नोव्हेंबरला ते कैद्याचा पोशाख घालीत. १८९० मध्ये त्यांनी 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज' मासिक काढले. जागतिक शांततेवर बोलण्यासाठी अमेरिकेस जाताना, १५ एप्रिल १९१२ रोजी, 'टायटॅनिक' बोटीबरोबर ते बुडाले.

त्यांच्या लेखणीने हजारो मुलींना कायद्याचे छत्र मिळाले. भगिनींनो, आपणही कुणाच्या लेकीसाठी धावून जाऊ तेव्हा आधी त्या लेकीला विचारू या.